नसलेल्या पोकळ्या

धान कापायला आलं की मला राग येतो.

खरं तर आमच्या गोंदियात ही सुखाची वेळ. दिवाळी उलटलेली असते, गावोगावी मंडईची जत्रा भरू लागते, नाटकांची पोस्टरं रेल्वे फाटकापासून बसस्टँडपर्यंत चिकटतात. सकाळचं धुकं एवढं खाली उतरतं की नागरा गावाकडून येणाऱ्या सायकलवाल्याची आधी घंटी पोहोचते आणि मग तो. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात आणि त्यांचा ओलसर, गोडसर, थोडा मातकट वास शहरात आमच्या गल्लीपर्यंत येतो. त्या वासाने लोकांना नव्या तांदळाचा भात आठवतो. मला एक सभागृह आठवतं. तिथलं हसणं आठवतं. आणि तिसऱ्या रांगेत मांडीवरच्या फाईलकडे बघत बसलेला एक माणूस आठवतो. तो मी.

या गोष्टीला काही वर्षं झाली. एवढ्यात राग विरायला हवा होता. पण दर हंगामाला तो नव्याने येतो, आणि यंदा तर असा आला की लिहायला बसावंच लागलं.

मी इथल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. घरचा व्यापार धान-तांदळाचा, तो धाकटा भाऊ बघतो. दुकानात हिंदी, घरात मराठी, वर्गात दोन्ही, अशी आमची जीभ. चाळिशी ओलांडल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं, कारण त्याशिवाय बढती अडली होती. विषय मिळाला आकाशातल्या एक्स-रे चित्रांचा. ते कळल्यावर भावाने विचारलं, "गच्चीवर दुर्बीण लावणार का?"

मी त्याला सांगितलं की दुर्बीण लागत नाही आणि गच्चीही लागत नाही. आकाशातून येणारे एक्स-रे आपल्या हवेतच अडतात, जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. ते टिपायला उपग्रह वर ठेवावा लागतो. त्याने टिपलेलं पुढे सगळ्या जगासाठी खुलं होतं. भर दुपारी पंख्याखाली बसून कॉलेजच्या संगणकावर ते उतरवून घेता येतं.

"मग यात आकाश कुठं आलं?" भाऊ म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आकाश फार थोडं येतं. किती थोडं, हे मला स्वतःलाही कळायला वेळ लागला. मासिकांत छापून येणारी निळी-जांभळी झगझगीत चित्रं फोटोसारखी वाटतात. पण दूरच्या वस्तूकडून उपग्रहापर्यंत एक्स-रेचे कण एकेक करून येतात, मोजता येतील एवढेच. मूळ चित्र म्हणजे काळ्या कागदावर विखुरलेले ठिपके. अंगणात मूठभर तांदूळ फेकले तर कुठे दाणे दाटीने पडतात, कुठे जागा मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या जागेला काहीच अर्थ नसतो. ठिपके थोडे असले की इथेही तसंच होतं. निव्वळ योगायोगाने कुठे पुंजका दिसतो, कुठे खड्डा. मग आपण संगणकाला सांगतो, हे ठिपके जरा पसरव, मऊ कर. तो मऊ करतो, रंग भरतो, आणि त्या योगायोगाला कडा येतात, गोलाई येते. भिंतीवरच्या ओलीत चेहरा बघणाऱ्या माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरतं.

माझे मार्गदर्शक एका मोठ्या शहरातल्या संस्थेत होते. त्यांचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर राग एका माणसावर जाऊन बसेल आणि बाकीचे सुटतील. ते अभ्यास करत होते आकाशगंगांच्या समूहांचा. शेकडो आकाशगंगा एकत्र असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत अतिशय तापलेला वायू भरलेला असतो. तो एक्स-रेमध्ये उजळतो. समूहाच्या मधोमध असलेलं कृष्णविवर कधी कधी त्या वायूत फुगे फुंकल्यासारख्या पोकळ्या पाडतं. तिथे उजेड कमी पडतो. पोकळी खरी असेल तर तिच्यावरून त्या कृष्णविवराची ताकद काढता येते, म्हणून अशा पोकळ्यांना फार भाव. माझ्या मार्गदर्शकांनी एका समूहात अशा दोन पोकळ्या सापडल्याचं जाहीर केलं होतं. समोरासमोर, जोडीने. त्या जोडीवर त्यांचा पुढचा प्रकल्प उभा होता, आणि त्या प्रकल्पावर माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण.

प्रणिता राहांगडाले तेव्हा आमच्याकडे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. बोदलकसाजवळच्या खेड्यातली. घरची थोडी धानाची जमीन, थोडी ठेक्याने केलेली. काळीपिवळी जीपने तिरोडा, तिथून पॅसेंजरने गोंदिया, असा तिचा रोजचा रस्ता. वर्गात कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला थांबावं लागे. तिला प्रकल्पासाठी विषय हवा होता. मी तिला त्या समूहाची उपग्रहाची माहिती दिली आणि सांगितलं, पोकळ्यांची मापं पुन्हा काढ. माझ्या प्रकरणाला आधार होईल, असा माझा हिशेब होता. माझंच काम तिच्याकडून करून घेत होतो, हेही लिहून टाकतो.

नोव्हेंबर होता. निम्मा वर्ग कापणीला गेलेला. प्रयोगशाळेत ती आली तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती, इळा लागला होता. उजव्या हाताने तिने पडद्यावर चित्र उघडलं.

"सर, हे भोकं मले खरे नाही वाटून राहिले," ती म्हणाली. पोकळी हा शब्द तिने कधीच वापरला नाही.

"मला तर स्पष्ट दिसतात."

"दिसून तं मलेही राहिले. पण मऊ करणं थोडं कमी केलं की बुजून जातात." तिने करून दाखवलं. "इथं जेवढे ठिपके पाहिजे होते त्याच्यापेक्षा पाच-सहाच कमी आहेत. एवढे तं कुठंही कमी पडतात. हे बघा, या कोपऱ्यातही पडले. इथं तुमच्या सरांनी भोक काऊन नाही म्हटलं?"

"कारण ती जोडी मधोमध आहे. समोरासमोर. पोकळ्या तशाच अपेक्षित असतात."

"म्हणजे जिथं पाहिजे होत्या तिथं सापडल्या," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता. ती ते वहीत लिहून घेत होती.

आठवड्याने ती बारा चित्रं छापून घेऊन आली. संगणकात तिने एक गुळगुळीत समूह बनवला होता, मूळ समूहाएवढाच उजळ, पण कुठेही पोकळी नसलेला. त्यावरून तेवढेच ठिपके निव्वळ योगायोगाने पाडले. असं अकरा वेळा. अकरा खोटी चित्रं आणि त्यांत एक उपग्रहाचं खरं. सगळी एकाच पद्धतीने मऊ केलेली, आणि पाठ झालेलं चित्र कोणाला ओळखू येऊ नये म्हणून कशीही फिरवलेली, उलटवलेली. क्रम संगणकानेच पिसला होता. खरं कोणतं ते तिलाही माहीत नव्हतं. उत्तर एका बंद फाईलमध्ये होतं.

"यातलं खरं ओळखा सर," ती म्हणाली. "भोकं खरे असतील तं खरं चित्र वेगळं दिसलं पाहिजे. तुम्ही तं दोन वर्षं हेच पाहून राहिले."

मी ठामपणे सातव्यावर बोट ठेवलं. त्यात दोन पोकळ्या होत्या, समोरासमोर, अगदी नेटक्या. तिने फाईल उघडली. सातवं चित्र तिने बनवलेलं होतं.

मी ते चित्र हातात घेऊन खिडकीशी गेलो. पोकळ्या तशाच होत्या, तशाच गोल. योगायोगाने त्या पाडल्या होत्या आणि मी त्यांना ओळख दाखवली होती. मला आठवलं ते चौथं प्रकरण, त्यातली मापं, त्या मापांवरून काढलेली ताकद, त्या ताकदीवरून केलेली विधानं.

"एकट्याच्या उत्तरावर कशाला जायचं," मी म्हणालो. "पुष्कळ लोकांना दाखवायला हवं."

"हो. पण वर्ग तं सारा शेतात हाये." थोडा विचार करून ती म्हणाली, "मग शेतातच घेऊन जाते."

शनिवारी दुपारी मी मोटरसायकल काढून तिच्या गावी गेलो. तिने बोलावलं नव्हतं. मला बघायचं होतं. बोदलकसाच्या तलावाकडून वारा येत होता. एका बांधीतलं धान कापून झालं होतं, पलीकडच्या बांधीत कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते. मोहाच्या झाडाखाली सात बाया जेवण आटोपून बसल्या होत्या. त्यांत प्रणिताची आई कौतिकाबाई होती आणि मावशीही होती. प्रणिता त्यांच्यातच, डोक्याला तसाच दुपट्टा गुंडाळलेला. मला बघून ती उठली, पण गडबडली नाही. आईने मला बसायला पोतं टाकलं, लोट्यात पाणी दिलं, भात आणि लाखोळीचं वरण वाढू का विचारलं.

"हे कोनाची छाती हाये?" मावशीने एक चित्र उचलून विचारलं. "एक्सरे म्हनली ना तू."

"छातीचा नाही मावशी. आकाशाचा."

"आकाशाले काय झालं?"

सगळ्या हसल्या, प्रणिताही हसली. ते हसणं मी नीट ऐकलं होतं. पुढे दुसरं हसणं ऐकायचं होतं, तेव्हा दोन्हींतला फरक मला कळला.

प्रणिताने सगळ्यांना हात धुवायला लावले. मग प्रत्येकीला एकेकटं झाडाच्या पलीकडे नेलं, बारा चित्रं गोणपाटावर मांडली आणि सांगितलं, यातलं एक वेगळं आहे, ते दाखव. दुसरीला सांगायचं नाही. कोणी काय दाखवलं ते ती वहीत लिहीत होती. मी इतक्या प्रयोगशाळा पाहिल्या आहेत. एवढ्या काटेकोर थोड्याच असतील.

एकीला तिसऱ्या चित्रात डोळे दिसले. "मले तं डोरेच दिसून राहिले बाई." दुसरीला अकराव्यात म्हशीच्या खुराचा ठसा. मावशीने सातवं दाखवलं, माझंच. मला बरंही वाटलं आणि लाजही. सगळ्यांचं बोट वेगवेगळ्या चित्रावर गेलं. खऱ्या चित्रावर एकीचंही नाही. शेवटी कौतिकाबाई. तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. प्रत्येक चित्र उचलून उजेडात धरलं, पालथं करून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"सारे सारखेच हायेत."

"एक तरी दाखव आई."

"नाही हाये तं कशी दाखवू?"

मग प्रणिताने दुसरा गठ्ठा काढला. तो दुसऱ्या एका समूहाचा होता, ज्यातल्या पोकळीबद्दल जगात कोणाचंच दुमत नाही. तिथेही तशीच अकरा खोटी आणि एक खरं. यावेळी कोणालाच वेळ लागला नाही. पहिली गेली, पाचव्यावर बोट. दुसरी गेली, पाचव्यावर. मावशी, पाचव्यावर. कौतिकाबाईने तर गोणपाटावर नीट बसायच्या आधीच सांगितलं, "हे. याले भोक हाये. विचारून काय राहिली, तुले दिसत नाही का?"

बंद फाईल उघडली. पाचवंच होतं.

परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या विद्यार्थिनीने, साध्या कागदावर छापलेल्या चित्रांनी आणि सात जणींच्या डोळ्यांनी, खरं काय आणि भास काय हे वेगळं करून दाखवलं होतं. पण तिरोड्यापर्यंतच्या रस्त्यात मला फक्त भीती वाटत होती. ही चित्रं मार्गदर्शकांना दाखवावी लागणार होती.

कापणी संपून वर्ग परतल्यावर तिने काही विद्यार्थ्यांनाही तीच चित्रं दाखवली, निकाल तसाच आला. जानेवारीत मार्गदर्शकांच्या संस्थेत विद्यार्थ्यांची कार्यशाळा होती. मी प्रणिताला घेऊन गेलो. घडीच्या रेघा पडलेला नवा सलवार-कमीज, पायात नव्या सँडल, हातात तीच वही. तिचं इंग्रजी अडखळत होतं, मध्ये हिंदी येत होतं, पण मांडणी सरळ होती. आधी ठिपके दाखवले, मग बारा चित्रं, मग निकाल. त्या दोन पोकळ्या योगायोगापासून वेगळ्या काढता येत नाहीत, असं ती शेवटी म्हणाली. सभागृह शांत होतं. मला क्षणभर वाटलं, झालं, जमलं.

मग एकाने विचारलं, चित्रं बघणारे कोण होते?

तिला खोटं बोलता आलं असतं. निदान "स्वयंसेवक" म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "माझ्या कॉलेजचे काही विद्यार्थी, आणि माझ्या गावातल्या धान कापणाऱ्या बाया. त्यात माझी आई पण होती."

हसू आधी मागच्या रांगेतून आलं. मग माझे मार्गदर्शक माईक हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईने माझ्या दोन पोकळ्या पुसून टाकल्या म्हणायच्या." आता सगळं सभागृह हसलं. ते पुढे म्हणाले, यात विनोदाचा भाग सोडा, पण अशा चित्रांना सराव झालेला डोळा लागतो.

प्रणिता हसली नाही. तिने वही बंद केली आणि म्हणाली, "सर, सराव झालेल्या डोळ्यांनाही दाखवूया. चित्रं आणलीत मी. इथेच बघा. तुम्ही पण बघा."

ती खरंच चित्रं काढायला लागली. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. चहाची वेळ झाली होती.

आजही, हे लिहिताना, माझे कान तापतात. सरावाचा डोळा म्हणजे काय? ज्याला काय दिसायला हवं ते आधीच सांगून ठेवलंय तो डोळा. ज्याला पोकळी दिसली तर प्रकल्प मिळतो, बढती मिळते, व्याख्यानाला बोलावणं येतं, आणि नाही दिसली तर यातलं काहीच मिळत नाही, तो डोळा. मोहाखालच्या त्या सात जणींना पोकळी असली काय, नसली काय, सारखंच होतं. म्हणून तर त्यांचं उत्तर विचारण्यासारखं होतं. ज्याचं काही अडलेलं नाही त्यालाच विचारावं, एवढी साधी गोष्ट त्या पोरीला कळली होती. आणि ज्यांना पगार ही गोष्ट कळण्यासाठीच दिला जातो, ते चहाचे कप घेऊन हसत होते. धान कापणारी बाई हा शब्द ऐकला आणि त्यांना पुढचं ऐकूच आलं नाही. त्या बायांना गणित येत नव्हतं, मान्य. पण त्यांना गणित विचारलंच नव्हतं. यातलं वेगळं काय दिसतं, एवढंच विचारलं होतं. गणित प्रणिताने केलं होतं, आणि ते समोरच्या पडद्यावर होतं. त्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही.

आणि त्या तिसऱ्या रांगेत मी होतो. मला उठता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो की मी स्वतः सातवं चित्र दाखवलं होतं, माझा डोळा दोन वर्षांच्या सरावाचा आहे आणि तो फसला. त्या एका वाक्याने हसणं थांबलं असतं. मी फाईलच्या दोरीची गाठ सोडत आणि बांधत बसलो.

चहाच्या वेळी मार्गदर्शक माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते, उलट प्रेमाने बोलले. "हुशार आहे मुलगी. पण असले खेळ नकोत. 'अधिक निरीक्षणांची गरज आहे' एवढं लिहायला सांगा तिला. तुमचा प्रबंधही आता शेवटाला आलाय."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज जोडलं होतं. मला ते पुरलं.

परतीच्या प्रवासात, दुपारी, डब्यात गर्दी नसताना मी तिला सांगितलं की बारा चित्रांचा भाग वगळावा. ती खिडकीबाहेर बघत होती. रिकाम्या बांध्या, कडेला धानाच्या तणसाचे ढीग.

"चुकलं का काही त्यात?" तिने विचारलं.

"चुकलं नाही."

"मग कायले काढायचं?"

मी म्हणालो, वेळ आली की सगळं होतं, सध्या एवढंच पुरे. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं सर." पुढच्या आठवड्यात तिने तो भाग काढून प्रकल्प दिला. गुण चांगले मिळाले. संशोधनाचा अर्ज तिने भरला नाही. घरी गरज आहे म्हणाली, आणि मी ते कारण लगेच मान्य केलं, कारण त्यात माझी सोय होती. माझा प्रबंध मंजूर झाला. चौथं प्रकरण जसंच्या तसं. कॉलेजने सत्कार केला, शाल दिली.

यंदा कापणीला सुरुवात झाली त्याच आठवड्यात एक नवा शोधनिबंध माझ्या वाचनात आला. परदेशातल्या काही लोकांनी उपग्रहाला त्याच समूहाकडे खूप जास्त वेळ बघायला लावलं होतं. ठिपके कितीतरी पटीने वाढले होते. त्या दोन पोकळ्या नव्हत्या. निबंधात त्याबद्दल एकच वाक्य होतं, की पूर्वी सांगितलेल्या पोकळ्यांना दुजोरा मिळत नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि मार्गदर्शकांना फोन लावला.

"वाचलं मी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच प्रसन्न. "अहो, विज्ञान असंच पुढे जातं. ते स्वतःच्या चुका स्वतःच दुरुस्त करतं, हीच त्याची ताकद."

"प्रणिताने तेव्हाच सांगितलं होतं, सर."

"कोण प्रणिता?"

स्वतःच दुरुस्त करतं. हे वाक्य मी वर्गात कितीदा अभिमानाने सांगितलंय. आता ते ऐकलं की चीड येते. विज्ञान काही आपोआप दुरुस्त होत नाही. कोणीतरी उभं राहून, अडखळत्या इंग्रजीत, चूक दाखवतं. तेव्हा लोक हसतात. ते माणूस निघून जातं. काही वर्षांनी उपग्रहाचा जास्त वेळ घेऊन दुसरं कोणी येतं आणि मग सगळे म्हणतात, बघा, कसं आपोआप झालं. मधल्या त्या माणसाचं नावही कोणाला आठवत नाही.

प्रणिता आता सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या रस्त्यावरच्या एका निवासी शाळेत गणित शिकवते. तो निबंध छापून घेऊन मी तिकडे गेलो. दुपारची सुट्टी होती. मुलं नळावर ताटं धूत होती, एकमेकांशी गोंडीत बोलत होती. ती व्हरांड्यात वह्या तपासत होती. मी निबंध पुढे ठेवला आणि ते वाक्य दाखवलं. तिने वाचलं, कागद परत दिला.

"हो," म्हणाली. "तेच तं होतं."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल, किंवा रडू येईल. मीच बोलत सुटलो. त्या सभागृहाबद्दल, त्या माईकवरच्या वाक्याबद्दल, 'कोण प्रणिता' या प्रश्नाबद्दल. माझा आवाज चढला असावा, कारण नळावरची मुलं वळून बघायला लागली. तिने मला बोलू दिलं. मग लाल पेनचं टोपण लावत म्हणाली,

"सर, तुम्ही आता काऊन चिडून राहिले?"

मी हातातल्या निबंधाची घडी घातली.

"तेव्हा चिडायचं होतं. मी एकटी उभी होती तिथं. तुमच्याकडे दोनदा पाहिलं मी."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एखाद्या मुलाला उदाहरणातली चूक दाखवावी तसं म्हणाली. घंटा झाली, तिने वह्यांचा गठ्ठा उचलला, मला चहा घेऊन जा म्हणाली आणि वर्गात गेली.

तिथून आल्यावर मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण चुकीचं आहे, ते चुकीचं असल्याचं प्रबंध सादर करताना मला माहीत होतं, आणि ते प्रथम कोणी, कसं दाखवलं, हे सगळं लिहिलं. सोबत बारा चित्रं जोडली. ती तिच्या जुन्या प्रकल्पाच्या पहिल्या मसुद्यात होती, माझ्याच कपाटात. विद्यापीठातल्या कारकुनाने फोन करून विचारलं की हे नेमकं कोणत्या विभागाकडे पाठवायचं, पदवी मिळाल्यावर अशी दुरुस्ती करायचा नमुना त्यांच्याकडे नाही. प्राचार्यांनी बोलावून दार लावून घेतलं आणि समजावलं, "नोकरी का सोच के चलो. जो हुआ सो हुआ." मार्गदर्शकांनी आता फोन उचलणं बंद केलं आहे. विद्यापीठाचं उत्तर अजून आलेलं नाही, येईल तेव्हा जे असेल ते सोसायची तयारी आहे.

तोवर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या प्रबंधाची जी प्रत आहे, तिच्यात चौथ्या प्रकरणाच्या आधी मी एक पान चिकटवलं. वर प्रणिताचं पूर्ण नाव, खाली तिचा निकाल. ग्रंथपाल नाराज झाले, पण बघत राहिले. त्याच दुपारी मी तिला फोन करून सांगितलं. मागून मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

"माझं आडनाव नीट लिहिलं ना सर?" तिने विचारलं. "त्या कार्यशाळेच्या सर्टिफिकेटवर त्यांनी चुकवलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. राहांगडाले. र ला काना."

लिहिलंय, असं सांगून मी फोन ठेवला आणि जिना उतरून ग्रंथालयात गेलो. प्रबंध कपाटातून काढला, पान उघडलं. र ला काना नव्हता.

पान फाडून काढताना खालच्या पानाचा थोडा कागदही निघून आला. मी दुसरं लिहायला बसलो.